तिसऱ्यांच्या (खाण्याच्या शिंपल्यांच्या) मांसातली प्रथिनं अंडी टाकल्यावर वाढतात की घटतात?

ओहोटी_रेषा

भरती-ओहोटीच्या पट्ट्यात, वाळूमिश्रित चिखलात राहणाऱ्या तिसऱ्यांचे वर्षभर दर महिन्याला नमुने घ्यायचे आहेत. मांसातलं पाणी, प्रथिनं, मेद, ग्लायकोजेन (साठवणीचं कर्बोदक), राख (जाळल्यावर उरणारी खनिजं) आणि मेदाम्लं (फॅटी अ‍ॅसिड) एवढं मोजायचं ठरलंय. आराखडा करतानाच एका ठिकाणी अडायला झालंय. जुने तक्ते चाळले तर काहींत अंडी टाकून झाल्यावर प्रथिनं सगळ्यांत जास्त दिसतात, काहींत नेमकी त्याच वेळी सगळ्यांत कमी. जात तीच, प्रजननाचा काळही तोच. मग खरं काय मानायचं?

आणखी तीन गोष्टी विचारायच्या आहेत. दर महिन्याला किती तिसऱ्या पुरेशा होतात? मेद काढायला सॉक्सलेट (गरम द्रावक पुन्हा पुन्हा फिरवून मेद काढायचं उपकरण) चालेल का, की क्लोरोफॉर्म-मिथेनॉलच लागेल? आणि खाणाऱ्याच्या बाजूने पाहिलं तर भरलेली तिसरी कोणती आणि पोकळ कोणती, हे प्रयोगशाळेशिवाय ओळखता येतं का?

---

खारपाणी

दोन्ही तक्ते बरोबर असू शकतात. भागाकारात खाली काय धरलंय, त्यावर उत्तर फिरतं. हिशेब मांडून दाखवतो. आकडे उदाहरणापुरते धरलेले आहेत.

३५ मिलिमीटर लांबीची, अंडी टाकायच्या बेतात आलेली तिसरी घ्या. सुकं मांस १.०० ग्रॅम. त्यात प्रथिनं ५२०, ग्लायकोजेन २२०, मेद ९० आणि राख १२० मिलिग्रॅम. ओल्या मांसात पाणी ८० टक्के, म्हणजे ओलं मांस ५.० ग्रॅम.

आता तेवढ्याच लांबीची, अंडी टाकून मोकळी झालेली तिसरी. सुकं मांस ०.६२ ग्रॅमवर आलं. प्रथिनं ३७२, ग्लायकोजेन ५६, मेद ३७, राख ११८ मिलिग्रॅम. पाणी ८६ टक्क्यांवर गेलं, म्हणजे ओलं मांस साधारण ४.४ ग्रॅम.

प्रथिनांकडे बघा. सुक्या वजनावर ती ५२ टक्क्यांवरून ६० टक्क्यांवर गेली, म्हणजे 'वाढली'. ओल्या वजनावर १०.४ वरून ८.४ टक्क्यांवर आली, म्हणजे 'घटली'. आणि प्रत्यक्ष एका तिसरीतून १४८ मिलिग्रॅम प्रथिनं बाहेर गेली, म्हणजे जवळजवळ २८ टक्के. सुक्या वजनावरची वाढ होते ती ग्लायकोजेन आणि मेद प्रथिनांपेक्षा जास्त वेगाने आटल्यामुळे. उरलेल्यात प्रथिनांचा वाटा मोठा दिसतो, इतकंच.

राखेची गोष्ट तर जास्तच फसवी. वरच्या उदाहरणात ती मिलिग्रॅममध्ये जागची हललेली नाही, पण सुक्या वजनावर १२ वरून १९ टक्के झाली. त्यावरून 'प्रजननानंतर खनिजं वाढतात' असा निष्कर्ष काढणं चूक. मांसातल्या पाण्याबरोबर समुद्राचं मीठ येतं. ३५ क्षारतेच्या पाण्यात ग्रॅममागे ३५ मिलिग्रॅम मीठ असतं, आणि तिसरी पाणचट झाली की सुक्या मांसाच्या मानाने या मिठाचा वाटा वाढतो. उलट, पावसाने क्षारता १० वर आली की राख आपोआप उतरते.

म्हणून तीन स्तंभ द्या: ओल्या वजनावर, सुक्या वजनावर, आणि ठरावीक लांबीच्या एका तिसरीमागे मिलिग्रॅम. खाणाऱ्याला पहिला लागतो. जीवशास्त्रासाठी तिसरा लागतो. दुसरा एकटाच छापलेला असेल तर त्यावरून ऋतूबद्दल काहीच बोलू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

सोबत स्थितिनिर्देशांक ठेवा: सुकं मांस (ग्रॅम) गुणिले १०००, भागिले (जिवंत तिसरीचं पूर्ण वजन उणे सुक्या शिंपल्यांचं वजन). खालची वजाबाकी म्हणजे शिंपल्याच्या आतल्या पोकळीचं माप. पोकळीच्या मानाने मांस किती भरलंय ते यातून कळतं. वजन करण्याआधी शिंपल्यावरचं शेवाळ आणि चिकटलेल्या बार्नॅकल खरवडून काढा आणि तिसरी टिपकागदाने पुसा. तोंड उघडून आतलं पाणी सांडलेली तिसरी या मोजणीत घेऊ नका, कारण पोकळी लहान धरली जाते आणि निर्देशांक फुगतो.

---

मफल_भट्टी

नमुने घेणं आणि प्रयोगशाळा या बाजूने लिहितो. सगळ्यांत जास्त घोळ इथेच होतात.

लांबीचा एकच गट धरा, उदाहरणार्थ ३० ते ३५ मिलिमीटर, आणि वर्षभर तोच ठेवा. एका महिन्यात २५ च्या आणि दुसऱ्यात ४० च्या तिसऱ्या आल्या तर फरक ऋतूचा की वयाचा, हे नंतर कुणालाच सांगता येत नाही. दर खेपेला ३० तिसऱ्या स्थितिनिर्देशांकाला, एकेक वेगळी. रासायनिक मोजणीसाठी आणखी ६०, वीस-वीसच्या तीन गटांत. हे तीन गट किनाऱ्यावरच वेगळ्या जागांवरून गोळा करायचे. एकाच ढिगाचे तीन वाटे केलेत तर ती एकच मोजणी तीनदा केल्यासारखी होते. शिवाय १० ते १५ तिसऱ्या गाभोळी पाहायला. दर महिन्याला चंद्राची तिथी आणि ओहोटीची वेळ शक्यतो सारखी ठेवा. एकदा उधाणाला आणि एकदा भांगाला (भरती-ओहोटीतला फरक कमी असताना) गेलात तर दोन वेगळ्या पातळ्यांवरच्या तिसऱ्या हाती लागतात. वरच्या पातळीवरच्या जास्त वेळ उघड्या राहतात आणि कमी खातात.

एक वर्ष कमी पडतं. एका वर्षात प्रत्येक महिना एकदाच येतो, त्यामुळे तो ऋतू होता की त्या वर्षीचा पाऊस, हे सुटत नाही. दोन वर्षं जमलं तर उत्तम. नाहीच जमलं तर निष्कर्षात 'या वर्षी' हे शब्द ठेवा.

पोटातली वाळू काढायला गाळलेल्या समुद्राच्या पाण्यात १२ तास ठेवा. क्षारता गोळा केल्या जागेइतकीच हवी. नळाच्या पाण्यात टाकल्या तर त्या तोंड मिटून बसतात आणि आतली वाळू आतच राहते. तिसऱ्यांचा थर एकदोन इंचांपेक्षा जाड नको आणि तळाशी जाळी हवी, म्हणजे टाकलेली घाण परत आत ओढली जात नाही. ही पायरी गाळली तर राख आणि विशेषतः लोह फुगतं. चिखलातलं लोह आतड्यात असतं, मांसात नव्हे. शिंपला उघडताना उडालेली कपचीही तेच करते, म्हणून वाटण्याआधी मांस पांढऱ्या ताटलीत पसरून नजरेखालून घाला.

मांस काढलं की गाळणीवर ५ मिनिटं निथळू द्या, मग वजन. ही ५ मिनिटं दर महिन्याला तीच. कधी २, कधी १० झाली तर पाण्याची टक्केवारी ऋतूऐवजी तुमच्या घड्याळाप्रमाणे हलते.

आता मेद. सॉक्सलेटमध्ये पेट्रोलियम ईथर वापरलंत तर कमी मेद येईल, आणि दर महिन्याला सारख्या प्रमाणात कमी येणार नाही. तिसऱ्यांच्या मेदाचा मोठा भाग पेशीपटलातल्या फॉस्फोलिपिडांचा असतो आणि ईथर त्यांना नीट ओढत नाही. गाभोळी भरलेली असताना अंड्यातलं ट्रायग्लिसराइड जास्त असतं, ते मात्र ईथरमध्ये सहज येतं. म्हणजे चढाचा महिना बराचसा खरा दिसतो, उताराचा खोटा खाली जातो आणि ऋतूचा फरक कृत्रिमरीत्या वाढतो. क्लोरोफॉर्म-मिथेनॉल २:१, दर ग्रॅम ओल्या मांसाला २० मिलिलिटर. मग ०.९ टक्के मिठाचं पाणी अर्काच्या पाचव्या हिश्शाइतकं घालून धुवा आणि खालचा थर घ्या. मेदाम्लं काढायची असतील तर द्रावणात ०.०१ टक्के बीएचटी (मेद खवट होऊ न देणारं रसायन) आधीच घाला आणि अर्क नायट्रोजनच्या झोताखाली सुकवा. काम धूरकक्षातच करायचं, क्लोरोफॉर्म उघड्यावर नको.

ग्लायकोजेनसाठी ३० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये उकळत्या पाण्याच्या भांड्यावर २०-३० मिनिटं, मग दुप्पट इथेनॉल घालून रात्रभर थंडीत. सेंट्रिफ्यूज करून खाली बसलेला साका पाण्यात विरघळवा आणि अँथ्रोनने (साखरेशी रंग देणारं रसायन) ६२० नॅनोमीटरला मोजा. ग्लुकोजच्या प्रमाणित रेषेवरून आलेल्या आकड्याला ०.९ ने गुणायचं, ते अनेकजण विसरतात. '१०० वजा बाकी सगळं' अशा पद्धतीने कर्बोदकं काढू नका. उरलेल्या चारही मोजण्यांच्या चुका त्या एका आकड्यात जमा होतात, आणि नेमका तोच आकडा तिसऱ्यांत ऋतूनुसार सर्वांत जास्त हलतो.

राख ५५० अंशांवर, पांढरी-करडी होईपर्यंत. त्याहून फार वर गेलात तर क्लोराइडं उडू लागतात.

---

डायटम_दर्शी

वरच्या दोघांनी मोजायचं कसं ते सांगितलं. आकडे का हलतात, त्यावर थोडं.

तिसरीची शिल्लक ग्लायकोजेनमध्ये असते. पाण्यात वनस्पतिप्लवक भरपूर असताना ती साठवते. गाभोळी वाढू लागली की त्यातला बराच भाग अंड्यांच्या मेदात बदलतो. म्हणून आलेखात आधी ग्लायकोजेनचं शिखर, काही आठवड्यांनी मेदाचं शिखर, आणि मग दोन्हीची एकदम घसरण असा क्रम दिसतो. ही दोन शिखरं एकाच महिन्यात आली तर ती जात साठ्यावर न विसंबता त्या-त्या वेळच्या खाण्यावर गाभोळी वाढवत असण्याची शक्यता जास्त. दोन्ही प्रकारच्या जाती असतात, म्हणून एका जातीचा नियम दुसरीला लावू नये.

थंड समुद्रात हे चक्र तापमानाला बांधलेलं असतं. वसंतात खाणं वाढतं, उन्हाळ्यात अंडी टाकली जातात, हिवाळ्यात साठा झिजतो. उष्ण कटिबंधात अंडी टाकणं लांबतं किंवा वर्षात दोनदा होतं. मग शिखरं बुटकी आणि पसरट दिसतात. मोसमी पावसाच्या खाड्यांत तापमानापेक्षा क्षारताच जास्त बोलते. म्हणून दर खेपेला तापमान, क्षारता आणि क्लोरोफिल-ए (पाण्यातल्या वनस्पतिप्लवकाचं माप) नोंदवाच. त्याशिवाय नुसते महिने लिहिलेत तर कारण सांगता येणार नाही.

मेदाम्लांत अन्नाचा ठसा थेट उमटतो. डायटम आणि डायनोफ्लॅजेलेट हे प्लवकाचे दोन प्रकार, ईपीए आणि डीएचए ही दोन ओमेगा-३ मेदाम्लं. डायटम जास्त असतील तर ईपीए वर जातं, डायनोफ्लॅजेलेट जास्त असतील तर डीएचए. पाणी गार झालं की पेशीपटलं मऊ राखायला बहुअसंपृक्त मेदाम्लं वाढतात, तो वेगळा परिणाम. मात्र इथेही टक्केवारीचा सापळा आहेच. मेदाम्लं नेहमी 'एकूण मेदाम्लांच्या टक्के' अशी छापतात. समजा ईपीए आणि डीएचए मिळून दोन्ही महिन्यांत २५ टक्केच आहेत आणि मेदातला ६५ टक्के भाग मेदाम्लांचा आहे. ओल्या मांसात मेद १.५ टक्के असताना १०० ग्रॅममध्ये ते सुमारे २४५ मिलिग्रॅम मिळतात. मेद ०.८ टक्क्यांवर आला की १३०. टक्केवारी हलली नाही, ताटातलं मात्र निम्मं झालं. म्हणून सी१९:० किंवा सी२३:० हे अंतर्गत प्रमाण (तुलनेसाठी मोजून घातलेलं मेदाम्ल) मेद काढतानाच घाला आणि १०० ग्रॅममागे मिलिग्रॅम द्या.

नर-मादी वेगळे करता आले तर करा. अंड्यांत मेद जास्त, शुक्राणूंत कमी. वीसच्या एखाद्या गटात योगायोगाने १५ माद्या आल्या तर तेवढ्यानेही मेद हलतो.

---

ओहोटी_रेषा

फार उपयोगी. दोन शंका उरल्या. पावसाळ्यात जागेची क्षारता ३० वरून ८-१० पर्यंत पडते. तेव्हा नायट्रोजन कमी आला तर ती प्रथिनांची घट धरायची का? आणि गाभोळी सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा सोपा मार्ग कोणता? दर महिन्याला पूर्ण छेद घेणं जड जाईल.

---

खारपाणी

सरसकट धरू नका. तिसरी बाहेरच्या खारटपणाशी तोल राखायला पेशींत टॉरिन, ग्लायसिन, अ‍ॅलानिन, बीटेन असे लहान रेणू भरून ठेवते. पाणी गोडं झालं की ते बाहेर टाकते किंवा मोडते. क्येल्डालमध्ये (नायट्रोजन मोजायची पद्धत) नायट्रोजन गुणिले ६.२५ केलं की हे सगळं 'प्रथिन' म्हणून मोजलं जातं. १ ग्रॅम ग्लायसिन तिथे जवळजवळ १.१७ ग्रॅम प्रथिन होऊन दिसतं. म्हणजे खाऱ्या महिन्यांत आकडा फुगलेला आणि पावसात उतरलेला, स्नायू मात्र तेवढाच, असं होऊ शकतं.

उपाय अवघड नाही. वाटलेलं मांस १० टक्के ट्रायक्लोरोअ‍ॅसिटिक आम्लात ढवळा, अर्धा तास बर्फात ठेवा, सेंट्रिफ्यूज करा. वरच्या द्रवातला नायट्रोजन वेगळा मोजून एकूणातून वजा करा. उरलेल्याला ६.२५ ने गुणा. वजा केलेला आकडा फेकू नका, तोही छापा. तिसऱ्यांची गोडसर चव याच रेणूंत असते, आणि पावसाळी तिसरी सपक का लागते याचं अर्धं उत्तर तिथे आहे. उरलेलं अर्धं ग्लायकोजेनमध्ये. क्षारता एकदम पडली की तिसरी शिंपला मिटून बसते, खाणं बंद होतं आणि साठा जळतो.

याच कारणाने आणल्यावर वेळ दवडू नका. पाण्याबाहेर मिटलेली तिसरी प्राणवायूशिवाय जगते आणि त्यासाठी ग्लायकोजेन आणि अ‍ॅस्पार्टेट खर्ची घालते. अ‍ॅलानिन आणि सक्सिनेट वाढत जातं. एका महिन्यात दोन तासांत मांस गोठवलं आणि दुसऱ्यात दुसऱ्या दिवशी, तर मोजणी ऋतूची राहत नाही.

---

मफल_भट्टी

खारपाणी यांच्या शेवटच्या मुद्द्यावरून माझीच एक दुरुस्ती. १२ तास वाळू काढायला ठेवलेल्या तिसऱ्याही उपाशीच असतात. ग्लायकोजेन, मुक्त अमिनो आम्लं आणि मेदाम्लांसाठीचा गट किनाऱ्यावरून आणल्याबरोबर उघडा, आतडं चिमट्याने धुवून घ्या आणि उणे ८० वर ठेवा. राख आणि खनिजांचा गट तेवढा १२ तास पाण्यात. दोन्ही गट वेगळे ठेवले की प्रश्न मिटतो.

गाभोळीसाठी लेपपट्टी करा. पायाच्या वरचा फुगीर भाग ब्लेडने चिरा, कापलेली बाजू काचपट्टीला टेकवा, समुद्राच्या पाण्याचा एक थेंब आणि वर आच्छादनकाच. १०० पटीत मादीची अंडी गोल, दाणेदार, साधारण ५० ते ८० मायक्रोमीटरची दिसतात. अपक्व असतील तर नासपतीसारखी, देठ असलेली. नराचा लेप दुधासारखा, ४०० पटीत हलणारे ठिपके. काहीच न दिसणारी तिसरी विसाव्यात असते.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. कधी फुगीर, पांढरट गाभोळी चिरल्यावर अंड्यांऐवजी नळीसारख्या पिशव्या आणि त्यांत वळवळणारी शेपटीवाली पिल्लं दिसतात. ते पर्णकृमींचे (परजीवी कृमींचे) डिंभ. अशी तिसरी बाहेरून भरलेली वाटते, पण गाभोळी खाल्ली गेलेली असते. तिला गटात घेऊ नका, टक्का मात्र नोंदवा. अवस्थांची खात्री हवी असेल तर दर दोन महिन्यांनी दहा तिसऱ्या डेव्हिडसन द्रवात (ऊती टिकवायचा द्रव) २४ तास ठेवून ५-६ मायक्रोमीटरचे छेद घ्या. मधल्या महिन्यांना लेपपट्टी पुरते.

---

वाफ_आणि_वाटी

खाणाऱ्याच्या प्रश्नाला उत्तर. वरून बघून कळत नाही, कारण शिंपला आटत नाही, आटतं ते आतलं मांस. चार-पाच उघडून बघा. भरलेल्या तिसरीचं पोट मलईच्या रंगाचं, घट्ट, बोटाने दाबलं तर उसळणारं. आतड्याची काळी-हिरवी रेघ मांसाखाली झाकलेली. पोकळ तिसरी पारदर्शक, लिबलिबीत, काळी पिशवी स्पष्ट दिसणारी, आणि पोकळीत मांसापेक्षा पाणीच जास्त.

आकडा हवा असेल तर १ किलो जिवंत तिसऱ्या तोलून झाकण लावून वाफवा. सगळ्या उघडल्यावर आणखी दोन-तीन मिनिटं ठेवा, मांस काढून निथळवा आणि तोला. शिजलेलं मांस भागिले १०००, गुणिले १००. दर महिन्याला भांडं, वेळ आणि तिसऱ्यांचा आकार तोच ठेवला तर ओळीने लिहिलेले हे आकडे ऋतूचा चढउतार दाखवतात. पोकळ महिन्यात मांस शिजताना जास्त आक्रसतं, त्यामुळे फरक कच्च्यापेक्षाही मोठा दिसतो. भांड्यात सुटलेलं पाणी फेकू नका. मुक्त अमिनो आम्लं आणि बी१२ चा काही भाग त्यात उतरतो. ते थोडा वेळ स्थिर ठेवून वरचं ओतून घ्या, तळाची वाळू राहू द्या. कच्च्या मांसात थायमिन (बी१ जीवनसत्त्व) मोडणारं विकर असतं, ते शिजवल्यावर निकामी होतं.

आता सर्वांत महत्त्वाचं. भरलेली म्हणजे सुरक्षित, असं कधीही मानू नका. ज्या प्लवकावर तिसरी भरते त्यातच कधी विषारी डायनोफ्लॅजेलेट असतात. त्यांचं सॅक्सिटॉक्सिन हे विष शिजवून जात नाही, चवीला कळत नाही, वासाला येत नाही. किलोला ८०० मायक्रोग्रॅम ही मर्यादा अनेक देशांत आणि कोडेक्समध्ये (आंतरराष्ट्रीय अन्नमानकांत) आहे, आणि ती ओलांडली की काढणी बंद. काही तिसऱ्या विष लवकर सोडतात, पण उत्तर पॅसिफिकमधली बटर क्लॅम ते दोन वर्षांपर्यंतही धरून ठेवू शकते. म्हणून पाण्याचा रंग निवळला यावर विसंबू नका, त्या जागेच्या चाचणीचा निकाल बघा. एकदोन दिवस पाण्यात ठेवल्याने वाळू आणि बरेच जिवाणू जातात, हे विष जात नाही, कॅडमियम हा विषारी धातूही जात नाही.

---

डायटम_दर्शी

कॅडमियमचा विषय निघालाच आहे तर एक जोडतो. पोकळ महिन्यात कॅडमियमचा आकडा वर गेला तर घाबरण्याआधी त्यालाही एका तिसरीमागे किती, असं मांडून बघा. मांस आटल्यावर तेवढंच कॅडमियम कमी वजनात मोजलं जातं. मात्र मर्यादा ओल्या वजनावर असते आणि खाणारा ओलंच मांस खातो. त्यामुळे सुरक्षिततेसाठी ओल्या वजनाचाच आकडा धरायचा, भले कारण नुसतं आटण्याचं असो. युरोपीय संघाची मर्यादा किलोला १ मिलिग्रॅम आहे, कोडेक्सची २.

---

ओहोटी_रेषा

आराखडा असा बदलला: ३० ते ३५ मिलिमीटर, दर महिन्याला त्याच तिथीच्या ओहोटीला, तीन जागांवरून वीस-वीस लगेच गोठवायला, तीन जागांवरून आणखी दहा-दहा खनिजांसाठी १२ तास पाण्यात, ३० निर्देशांकाला, १५ लेपपट्टीला. प्रथिनं दोन प्रकारे, मेद क्लोरोफॉर्म-मिथेनॉलने, ग्लायकोजेन प्रत्यक्ष मोजून. तक्त्यात तिन्ही स्तंभ. गोठवलेला गट वितळवताना सुटणारं पाणी धरायचं की टाकायचं?

---

मफल_भट्टी

धरायचं. पिशवीसकट तोलून गोठवा, पिशवीतच वितळवा आणि सुटलेल्या पाण्यासकट सगळं एकत्र वाटा. ते टाकलं तर मीठ, मुक्त अमिनो आम्लं आणि विरघळणारी प्रथिनं जातात, आणि पोकळ महिन्यांच्या मांसातून ते जास्त सुटतं. शक्य असेल तर वितळवूच नका. गोठलेलं मांस थेट फ्रीझ-ड्रायरमध्ये घाला, त्याआधीचं आणि नंतरचं वजन लिहा, पाण्याची टक्केवारी तिथेच मिळते. पूड झाल्यावर हवाबंद बाटलीत, अंधारात, उणे २० वर. ही पूड हवेतली ओल पटकन ओढते, म्हणून दर वेळी तोलण्याआधी एक लहान वाटा १०५ अंशांवर सुकवून उरलेली ओल वजा करा.